नवरा-बायको, एक कनू आणि मूसची शिकार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सप्टेंबरमध्ये आमच्या गाडीच्या टपावर कनू (वल्ह्यांनी चालवायची अरुंद, हलकी होडी) चढली की ओळखीपाळखीचे लोक तेच ते प्रश्न विचारायला लागतात. काही प्रश्न कॅनडात नव्याने आलेल्या मराठी जोडप्यांचे असतात, काही कोल्हापूरहून फोनवर येतात, तर काही निव्वळ खोचक. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढलं आहे. आम्ही टोरंटोजवळ राहतो आणि शिकारीला उत्तर ऑन्टारियोत, टेमागामीच्या बाजूला जातो. त्यामुळे खाली लिहिलेलं सगळं ऑन्टारियोपुरतंच धरा. नियमांत दरवर्षी थोडाफार बदल होतो, तेव्हा त्या वर्षीची सरकारी नियमपुस्तिका वाचल्याशिवाय निघू नका.

मूस म्हणजे नेमका कोणता प्राणी?

हरणांच्या कुळातला जगातला सर्वांत मोठा. पूर्ण वाढलेला नर खांद्यापाशी जवळपास सहा फूट उंच असतो आणि वजन चारशे-पाचशे किलोच्या घरात जातं. आपल्याकडचं सांबर पाहिलं असेल तर त्याच्या दुप्पट समजा. पाय लांबलचक, वरचा ओठ लोंबता, गळ्याखाली कातड्याची झोळी. नराला दरवर्षी नवी शिंगं येतात आणि हिवाळ्यात ती गळून पडतात. फोटोत तो बावळट दिसतो. वीस पावलांवर उभा असला की तसा अजिबात वाटत नाही.

पण शिकारीला बंदी असते ना?

भारतात आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिथली शिकार बंद झाली, त्यामुळे आपल्याकडे ‘शिकारी’ म्हटलं की एक तर संस्थानिक आठवतात, नाही तर चोरटे. इथली व्यवस्था वेगळी आहे. हिवाळ्यात बर्फावर मूस उठून दिसतो, तेव्हा सरकारी खातं विमानातून मोजणी करतं. त्या अंदाजावर प्रत्येक विभागात किती नर, किती माद्या आणि किती पाडसं मारायची ते ठरतं आणि तेवढेच टॅग, म्हणजे एकेक जनावर मारायचे परवाने, निघतात. टॅग नसताना मूस मारला तर तो गुन्हा आहे, आणि दंड किरकोळ नसतो.

आम्ही पीआरवर (कायम वास्तव्याच्या परवान्यावर) आहोत. आम्हाला करता येईल का?

येईल. नागरिकत्वाची अट नाही. ऑन्टारियोत तुमचं घर हवं आणि मागच्या बारा महिन्यांत सलग सहा महिने तुम्ही इथे राहिलेले असायला हवेत. कागदपत्रांना मात्र वेळ लागतो. ऑक्टोबरमध्ये जायचं म्हणून ऑगस्टमध्ये जागे झालात तर त्या वर्षी काही जमणार नाही.

आधी शिकारी-प्रशिक्षणाचा कोर्स आणि त्याची परीक्षा. मग आउटडोअर्स कार्ड (शिकार-मासेमारीसाठीचं सरकारी ओळखपत्र) आणि त्यावर मूसचं लायसन्स. बंदुकीसाठी वेगळा सुरक्षा-कोर्स करावा लागतो. त्यात लेखी परीक्षा असते आणि हातात बंदूक देऊनही परीक्षा घेतात: नळी कुठे रोखलीय, बोट कुठे आहे, कुंपण ओलांडताना काय करता, हे सगळं बघतात. त्यानंतर पोलिसांकडे बंदूक-परवान्याचा अर्ज. पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याला किमान 28 दिवस थांबावंच लागतं. प्रत्यक्षात त्याहून जास्त दिवस धरून चाला.

या अर्जातला एक रकाना जोडप्यांनी नीट वाचावा. तिथे जोडीदाराची सही मागतात. गेल्या दोन वर्षांत कुणाशी संसार मोडला असेल तर त्या व्यक्तीचीही मागतात. सही नसली म्हणून अर्ज आपोआप फेटाळला जात नाही, पण त्या व्यक्तीला कळवलं जातं. घरात बंदूक येणार हे घरातल्या माणसाला माहीत असावं आणि त्याला भीती वाटत असेल तर ती सांगायला जागा असावी, एवढाच त्यामागचा हेतू. माझ्या अर्जावर नवऱ्याने सही केली तेव्हा सासूबाईंनी फोनवर त्याला विचारलं होतं, “नीट विचार केलायस ना रे?”

म्हणजे बंदूक तुमची? नवरा काय करतो?

हा प्रश्न फक्त मराठी लोक विचारतात. लायसन्स दोघांकडे आहे, रायफल माझी आहे. नवरा कनूच्या मागच्या टोकाला बसतो, आणि ते काम जास्त अवघड. मागचा माणूस दिशा सांभाळतो. त्याने शेवटच्या क्षणी एक वल्हं चुकीचं मारलं तर पुढच्या माणसाचा तासभराचा सगळा संयम पाण्यात.

दोघांकडे लायसन्स हवंच, भले टॅग एकच असो. इथल्या कायद्यात शिकार म्हणजे नुसतं गोळी झाडणं नव्हे. दबा धरून बसणं, माग काढणं, पाठलाग करणं हेही शिकारीतच येतं. एका टॅगवर गटाने शिकार करता येते, पण टॅगधारकाने स्वतः शिकारीत हजर असावं लागतं, गटातल्यांनी त्याच्यापासून पाच किलोमीटरच्या आत राहावं लागतं आणि एकमेकांशी तत्काळ संपर्क होऊ शकायला हवा. आम्ही एकाच कनूत बसतो, त्यामुळे ही अट आपोआप पुरी होते.

टॅग कसा मिळतो?

नशीब आणि सबुरी. 2021 पासून गुणांची पद्धत आहे. दरवर्षी अर्ज करायचा. टॅग मिळाला नाही तर गुण साठत जातात आणि ज्याचे गुण जास्त त्याला आधी मिळतो. टॅग घेतला की पाटी कोरी. रायफलच्या हंगामातला नराचा टॅग, तोही लोकप्रिय विभागात, म्हणजे वर्षानुवर्षं वाट पाहावी लागते. धनुष्यबाणाच्या हंगामाचा किंवा मादी-पाडसाचा टॅग तुलनेने लवकर हाती येतो. अर्ज वसंतात भरायचे असतात. तेव्हा बाहेर बर्फ वितळत असतं आणि शिकार कुणाच्या डोक्यातही नसते, म्हणून हमखास विसरायला होतं. फोनमध्ये आठवण लावून ठेवा.

कधी जावं?

सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत नर माजावर असतो. एरवी जंगलात सावलीसारखा वावरणारा हा प्राणी या दिवसांत आवाजाला ओ देतो आणि उघड्यावर येतो. धनुष्यबाणाचा हंगाम आधी आणि रायफलचा नंतर, असा क्रम बहुतेक ठिकाणी असतो. तारखा विभागाप्रमाणे बदलतात.

डास आणि काळ्या माश्या तोवर संपलेल्या असतात, आणि जूनमध्ये ज्याने इथे तंबू ठोकलाय त्यालाच याची किंमत कळेल. मेपल लाल होऊन गळायला लागलेले, टॅमरॅकची झाडं सोनेरी, तळ्यांवर माणूस नाही. रात्री पारा शून्याखाली जातो, क्वचित बर्फही पडतं.

हे दिवस बरेचदा पितृपक्ष नाही तर नवरात्रात येतात. त्यावरून जे ऐकून घ्यायचं ते आम्ही ऐकून घेतलंय. खंडेनवमी निघण्याआधी आली तर घरीच रायफल, सुरी, कुऱ्हाड आणि दोन्ही वल्ह्यांना हळदकुंकू लावते. वल्ह्यांना सर्वांत आधी.

मोटारबोट घेऊन गेलं तर सोपं नाही का पडणार?

सोपं पडेल, पण त्याच तळ्यात पोहोचाल जिथे सगळ्यांच्या मोटारबोटी पोहोचतात. कनू डोक्यावर घेऊन एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जाता येतं. मधल्या पायवाटेला पोर्टेज म्हणतात. आमची केवलारची सतरा फुटी कनू वीस किलोच्या आसपास आहे, एकटा माणूस खांद्यावर उचलून चालू शकतो. दोन पोर्टेज पार केली की इंजिनाचा आवाज संपतो.

शिवाय कनूला आवाज नसतो. वल्हं पाण्याबाहेर न काढता आतल्या आतच फिरवून पुढे ओढायची एक पद्धत आहे. तिने गेलात तर पात्यावरून थेंबसुद्धा टपकत नाही. ती जमायला एक उन्हाळा द्या. एरवी दोघांनी मिळून वल्हवण्याचा सराव नसेल तर शिकारीला निघूच नका, आधी नुसती कॅम्पिंग करा.

तुम्ही जाता ती जागा नेमकी कुठे?

टेमागामी गाव टोरंटोपासून महामार्ग 11 ने उत्तरेला साडेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे, नॉर्थ बेच्याही पुढे. नेमकं तळं कोणतं ते सांगत नाही, आणि कुठलाही शिकारी सांगणार नाही.

बराचसा भाग सरकारी जमीन आहे, तिला क्राउन लँड म्हणतात. कॅनडात राहणाऱ्याला तिथे फुकट तंबू टाकता येतो, मात्र वर्षभरात एका जागी 21 दिवसांपेक्षा जास्त नाही. प्रांतिक उद्यानांचं वेगळं असतं: काहींत शिकार चालते, बहुतेकांत नाही. हद्द नकाशावर आधीच आखून घ्या, जंगलात कुंपण नसतं.

ही भूमी तेमे-आउगामा अनिशिनाबे लोकांची आहे. ज्या पोर्टेजवरून आपण कनू वाहतो त्यांतल्या कित्येक वाटा त्यांच्या पूर्वजांनी शतकानुशतकं पायांनी मळवल्या. त्या जाळ्याला ते नास्तावगान म्हणतात. आदिवासींचे शिकारीचे हक्क करारांवर आणि घटनेवर उभे आहेत, आपल्यासारखे लायसन्सवर नाहीत. तेव्हा “त्यांना टॅग लागत नाही, हे कसं काय?” असं कुणी कुरकुरायला लागलं तर पॉवली खटला वाचायला सांगा. 1993 साली सू सेंट मरीजवळ स्टीव्ह पॉवली आणि त्यांच्या मुलाने एक मूस मारला, त्यावरून खटला उभा राहिला, आणि 2003 साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने मेती (आदिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या) समाजाचा शिकारीचा हक्क मान्य केला. एका मूसने इथला कायदा बदलला.

मूसला ‘बोलावतात’ म्हणजे काय करतात?

मादीचा आवाज काढतात. बर्चच्या सालीचा भोंगा करायचा, नाहीतर नुसते दोन्ही हात तोंडाभोवती धरायचे, आणि नाकातून एक लांबलचक रडका हंबरडा काढायचा: सुरुवात खालून, मध्ये चढ, शेवटी विरत जाणारा. आमच्याकडे हे काम नवऱ्याचं. त्याचा गळा भजनी मंडळातला आहे, आणि टीपेचा सूर तिथे कुणाच्याच कामाचा नव्हता.

वारा पूर्ण पडलेला हवा. पहाटेची किंवा संध्याकाळची वेळ उत्तम. एकदा बोलावलं की गप्प बसायचं, अर्धा तास, पाऊण तास. नवशिके इथेच फसतात, दर पाच मिनिटांनी ओरडत राहतात. नर लांबून ऐकतो आणि आवाज नेमका कुठून आला ते अचूक हेरतो. तो येईल तेव्हा येईल.

दुसरी युक्ती पाण्याची. जेवणाचं पातेलं तळ्यात बुडवून भरायचं आणि कमरेएवढ्या उंचीवरून धार धरून परत तळ्यात ओतायचं. उथळ पाण्यात उभी मादी मुतते तेव्हा असाच आवाज येतो. शांत तळ्यावर तो आश्चर्य वाटेल इतका दूर जातो. तिसरी युक्ती म्हणजे मूसच्या खांद्याचं वाळलेलं हाड झुडपावर घासणं, म्हणजे दुसरा नर शिंगं घासतोय असं वाटतं.

उत्तर येतं ते गर्जनेसारखं नसतं. घशातून एक ठोका, ‘अ‍ॅंव्ह’, मग काही सेकंदांनी पुन्हा, प्रत्येक पावलागणिक एक. नंतर फांद्या मोडल्याचा आवाज, आणि मध्येच शिंग खोडावर आपटल्याचा कोरडा टणत्कार. त्या वेळी माझं अर्धं लक्ष त्या आवाजाकडे असतं आणि अर्धं नवऱ्याच्या वल्ह्याकडे. पुढच्या माणसाला मागे वळून बघता येत नाही. कनूच्या काठाला एक टिचकी म्हणजे थांब, दोन टिचक्या म्हणजे डावीकडे. बोलणं नाही.

दिसला की लगेच गोळी?

नाही. सगळ्या पानातलं हे एकच उत्तर वाचलंत तरी चालेल.

दोघांच्या ट्रिपमध्ये शिकार कुठे करायची हे बंदूक ठरवत नाही, पाठ ठरवते. मूस जिथे पडेल तिथून शेवटचा तुकडा बाहेर काढायला तुमच्याकडे चार हात आणि एक कनू आहे. सहा जणांचा गट पाणथळीत पडलेला मूस दोर लावून ओढून काढतो. नवरा-बायकोला ते जमत नाही. म्हणून निघण्याआधीच घरी नकाशा पसरून आम्ही ठरवतो: पाण्यापासून तीनशे मीटरच्या आत, कोरड्या जमिनीवर, आणि आमच्या तंबूपासून जास्तीत जास्त एक पोर्टेज. त्यापलीकडे कितीही मोठा नर उभा राहिला तरी तो फक्त बघायचा. ठरवताना दोघांची संमती हवी, आणि मोडताना? मोडायचंच नाही. समोर जनावर उभं असताना चर्चा करता येत नाही, म्हणून ती स्वयंपाकघरात आधी करायची.

पोहत असलेल्या मूसला मारणं बेकायदा आहे. पोटापर्यंत पाण्यात उभा असलेल्याला मारणं हा मूर्खपणा आहे: चारशे किलोचं जनावर थंड पाण्यात पडलं की ते फाडणार कसं आणि उचलणार कुठे?

मग ओळख. टॅग नराचा असेल तर शिंगं दिसलीच पाहिजेत. कोवळ्या नराची बोटभर शिंगं कानामागे लपतात. मादीचा चेहरा जरा फिकट तपकिरी असतो आणि शेपटीखाली पांढरा ठिपका असतो. शंका असेल तर दुर्बिणीने बघा, रायफलच्या दुर्बिणीने नाही. गोळी फक्त आडव्या उभ्या जनावरावर, पुढच्या पायामागे, हृदय आणि फुप्फुसावर. आम्ही शंभर मीटरपलीकडे झाडत नाही. तेवढ्यासाठी .308 किंवा .30-06 मापाच्या काडतुसाची साधी बोल्ट अ‍ॅक्शन रायफल पुष्कळ झाली. कुणी तोफ विकायला बघत असेल तर घेऊ नका.

गोळी लागल्यावर पुढे काय?

आधी काहीच नाही. अर्धा तास जागेवर बसायचं. लगेच मागे धावलात तर जखमी जनावर उठतं आणि दाट रानात शिरतं. फुप्फुसात गोळी लागलेला मूस बहुधा शंभर मीटरच्या आत पडतो. जवळ जाताना मागून जायचं, डोळ्याला लांब काठीने स्पर्श करून खात्री करायची. मग कशालाही हात लावण्याआधी टॅगवर तारीख-वेळेची खूण कापायची.

आणि मग खरं काम सुरू होतं. दोन माणसांना चार ते सहा तास सहज लागतात. उजेड किती उरलाय ते पाहून हेडलॅम्प आधीच कपाळावर चढवा. ताडपत्री अंथरायची, एकाने पाय ओढून धरायचा, दुसऱ्याने सुरी चालवायची. पोटाची पिशवी आणि मूत्राशय फुटता कामा नये. बोकड सोलताना पाहिला असेल तर क्रम तोच आहे, फक्त प्रत्येक गोष्ट प्रचंड. नुसतं यकृत दोन हातांत मावत नाही. थंडीत आतून वाफ निघते, मनगटापर्यंत हात गरम होतात आणि चष्मा धुरकटतो. मी चष्मा काढून ठेवते आणि त्या वेळी सुरी नवऱ्याकडे देते.

मांसाचा शत्रू उष्णता आहे. मूसचं कातडं म्हणजे जाड रजईच. बाहेर शून्य अंश असलं तरी आत मांस तासन्‌तास गरम राहतं, आणि सर्वांत आधी बिघडतं ते मांडीच्या हाडालगतचं. म्हणून कातडं लगेच काढायचं, दोन फरे, दोन मांड्या, पुठ्ठ्याचं मांस, मान आणि फासळ्या वेगळ्या करून सुती पिशव्यांत घालायच्या आणि दोन झाडांमध्ये आडवा दांडा बांधून सावलीत टांगायच्या. वारा लागला पाहिजे, पाऊस लागता कामा नये. प्लॅस्टिकच्या पिशवीत मांस कधीही घालू नका. नर की मादी हे ओळखू येईल असा पुरावा नियमाप्रमाणे मांसाबरोबर ठेवावा लागतो. आणि खाण्याजोगं मांस टाकून देणं, सडू देणं हाही इथे गुन्हा आहे. शिंगं घेऊन धड सोडून देणाऱ्यांबद्दल माझं मत इथे छापण्यासारखं नाही.

हे सगळं एका कनूत मावतं?

एका खेपेत नाही. मोठ्या नराचं हाडं काढलेलं मांस दीड-दोनशे किलो भरतं. सतरा फुटी कनू कागदोपत्री चारशे किलो उचलते. आम्ही दोघं मिळून एकशे चाळीस, सामान सत्तर-ऐंशी. बेरीज चारशेच्या आसपास जाते, म्हणजे जेमतेम बसतं. पण कागदावर लाटा नसतात. काठ पाण्यापासून वीतभर वर राहिलाच पाहिजे, म्हणून एका खेपेला शंभर किलोच्या वर मांस आम्ही चढवत नाही. पोर्टेज असेल तर तेच शंभर किलो तीस-तीस करून पाठीवर. प्रत्येक ओझ्यासाठी वाट जाताना एकदा आणि मोकळ्या हाताने परत एकदा तुडवावी लागते. तीनशे मीटरची अट कुठून आली ते आता कळलं असेल.

पाण्यात पडलात तर?

ऑक्टोबरमध्ये अस्वलापेक्षा, बंदुकीपेक्षा, कशाहीपेक्षा पाणी जास्त धोक्याचं आहे. मॅनिटोबा विद्यापीठातले डॉ. गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी थंड पाण्याचा अभ्यास करून 1-10-1 हे सूत्र सांगितलं. पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणायला, कारण थंड पाणी लागताच माणूस धापा टाकतो आणि पाणी गिळतो. पुढची दहा मिनिटं हातपाय कामाचे असतात, त्यातच काठ गाठायचा किंवा कनू धरायची. आणि साधारण एक तास शुद्ध हरपायला. पण हा तास मिळतो तो अंगात लाइफजॅकेट असेल तरच. ते सीटखाली ठेवायचं नाही, अंगात घालायचं, त्यावर नारिंगी जाकीट. मोठं तळं पहाटे पार करायचं आणि वारा सुटला की काठाकाठाने. एक कोरडा कपड्यांचा जोड आणि काडेपेटी जलरोधक पिशवीत, ती कनूला बांधलेली. सुती कपडे घरी ठेवा, लोकर घाला.

मोबाइलला रेंज नसते. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र जवळ ठेवा आणि घरी कुणाकडे तरी मार्ग आणि परतीची तारीख लिहून द्या.

तो नारिंगी वेश सक्तीचा आहे का?

रायफलच्या हंगामात हो. चकचकीत नारिंगी टोपी आणि कमरेच्या वर किमान 400 चौरस इंच नारिंगी, चारही बाजूंनी दिसेल असं. मूसला तो रंग आपल्यासारखा दिसत नाही, दुसऱ्या शिकाऱ्याला दिसतो.

अस्वलं, लांडगे?

काळी अस्वलं आहेत आणि हिवाळ्यापूर्वी ती सतत खात असतात. मांस तंबूपासून दूर टांगा, आतडी जिथे पडली तिथून तळ लांब हवा, अन्न झाकणबंद पिंपात. लांडगे रात्री ऐकू येतात, दिसत नाहीत. माजावर आलेला नर मात्र चिडला तर अंगावर येतो. कान मागे पाडले, मानेवरचे केस उभे राहिले, की जाड झाडामागे व्हायचं.

रात्री बंदूक कुठे असते?

रिकामी आणि म्यानात. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने ते सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापर्यंत कायद्यानेच तसं लागतं. कनूत चढताना-उतरताना आणि पोर्टेजवर आम्ही ती रिकामी करतोच. घसरण्याची जागा तीच.

खाता काय?

भाजणी, पिठलं, मेतकूट-भात, शेंगदाण्याची चटणी. तव्यावरची भाकरी शेकोटीवर छान होते, पण थंडीत पीठ मळायला गरम पाणी घ्या. कोरडी वाटणं घरूनच बांधून आणते. चहा अमर्याद.

दोघंच इतके दिवस, भांडण होत नाही?

होतं. बहुतेक वेळा तंबू कुठे ठोकायचा यावरून. आमचा एक नियम आहे: पाण्यावर असताना मागच्याचं ऐकायचं, बंदूक हातात असताना पुढच्याचं, आणि कुणीही ‘परत फिरू’ म्हणालं की कारण न विचारता फिरायचं. बाकी भांडण जमिनीवर, चहानंतर. ज्याला थंडी सोसत नाही अशा जोडीदाराला हट्टाने नेऊ नका. कॅनडात हॉटेलंही आहेत.

जनावर मारताना काही वाटत नाही?

वाटतं. पडलेल्या जनावराजवळ गेल्यावर दोघंही थोडा वेळ काही बोलत नाही. पण मटणाच्या दुकानापुढे रविवारी रांग लावताना मला काही वाटायचं नाही, आणि आता विचार केला तर तेच जास्त विचित्र वाटतं. शाकाहारी माणसाने मला पापाबद्दल विचारावं, मी ऐकून घेईन. तांबडा रस्सा ओरपून झाल्यावर विचारणाऱ्याला मी फक्त वाढते.

मांस लागतं कसं?

चरबी जवळजवळ नाही, रंग गडद, वास नाही. माजाच्या अगदी भरात मारलेल्या मोठ्या नराचं थोडं उग्र लागतं. पुठ्ठ्याचा तुकडा तव्यावर झटपट. जास्त परतलात तर चामडं. नळ्या आणि फरा कुकरमध्ये, मटणापेक्षा तीन-चार शिट्ट्या जास्त. कांदा-खोबऱ्याचं भाजलेलं वाटण त्याला मानवतं. खिमा कोरडा पडतो म्हणून थोडं तेल किंवा बोकडाची चरबी घालावी.

कलेजी आणि गुर्दे मात्र खाऊ नका. मूसच्या या अवयवांत कॅडमियम साठतं म्हणून ऑन्टारियो सरकारचाच तसा सल्ला आहे. आमच्या घरी कलेजीवर प्रेम करणाऱ्या माणसांना हे पटवायला फार वेळ लागला.

थोडं विकत द्याल का?

नाही. शिकारीचं मांस विकणं-विकत घेणं बेकायदा आहे. फुकट देता येतं. डबा घेऊन या, आणि तो परत न्यायला विसरू नका.

टॅगच मिळाला नाही, किंवा मूस दिसलाच नाही तर?

मूस न दिसणं हीच सर्वसाधारण गोष्ट आहे. तरी हंगाम संपल्यावर सरकारला अहवाल भरून द्यावाच लागतो, शिकार झाली असो वा नसो. पुढच्या वर्षीचे आकडे त्यावरच ठरतात. टॅग नसलेल्या वर्षीही आम्ही कनू घेऊन जातो. छोट्या शिकारीच्या लायसन्सवर ग्राउज मिळतो, हा कोंबडीपेक्षा लहान रानपक्षी पोर्टेजच्या वाटेवरच बसलेला असतो. दोन ग्राउज म्हणजे दोघांचं एक जेवण. ते एकाच खेपेत कनूत मावतात.